काकीची ट्यूब आणि 1975 चा पेपर



सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. लिटरेचर किती मागचं घ्यायचं? बहुतेक गाईड सांगतात, गेल्या दहा वर्षांतलं बघा, जुनं दोन-चार ओळींत उरका. चुकीचं नाही ते. पण एकदा मी जुना पेपर नुसता ॲब्स्ट्रॅक्टवर उरकला आणि त्याचा भुर्दंड माझ्या काकीच्या चेहऱ्याला बसला. म्हणून आज तो पेपर, त्याच्या आधीचे पेपर आणि नंतर काय झालं, हे सगळं सांगते. माझ्या पीएचडीचा विषय हा नाही, पण यातून मी जे शिकले ते कोर्सवर्कमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

मी कोनची. कल्याणहून भिवंडीला निघालात की दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडल्यावर जे गाव लागतं ते कोन. कल्याणवाले आम्हाला भिवंडीचे समजतात, भिवंडीवाले कल्याणचे. काकी एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. ओळखीच्या बाईने ट्यूबचं नाव सांगितलं, मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारणी विचारायला लागल्या. मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. काकी म्हणाली, “तू शिकलेली ना गं, बघ जरा, काय लिहिलंय यावर?”

मी बघितलं. मोमेटासोन 0.1 टक्के, हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के. मोबाईलवर शोधलं. ‘क्लिगमन फॉर्म्युला’, 1975, आर्काइव्ह्ज ऑफ डर्मेटॉलॉजी. म्हणजे नामांकित जर्नल, भरपूर सायटेशन्स. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “काकी, यावर रिसर्च झालेला आहे. लाव बिनधास्त.”

तिने चार वर्षं लावली.

आता जरा मागे जाऊ. वांग ही काही नवी गोष्ट नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा अध्याय आहे. त्यात तारुण्यपीटिकाही आहेत आणि ‘व्यंग’ही आहे: चेहऱ्यावर येणारा, न दुखणारा, पातळ, काळपट डाग. आपला ‘वांग’ हा शब्द त्याच घरातला. कारण म्हणून तिथे राग आणि श्रम दिले आहेत. गंमत बघा, त्या व्याख्येत ऊन नाही आणि बाळंतपणही नाही. डाग मात्र इतका नेमका टिपलाय की आज ओपीडीत बसलेला डॉक्टर तेच शब्द वापरू शकेल. निरीक्षण पक्कं आणि कारण कच्चं, हे विज्ञानाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं, त्यामुळे त्यावरून कुणाला हसायचं कारण नाही.

आधुनिक वैद्यकात याला आधी क्लोॲझ्मा म्हणत, आता मेलाझ्मा म्हणतात. गरोदर बायकांच्या चेहऱ्यावर येतो म्हणून ‘गरोदरपणाचा मुखवटा’ असंही नाव होतं. 1960 मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळी आली आणि सात वर्षांनी, 1967 मध्ये, रेझनिक नावाच्या डॉक्टरने जामा या जर्नलमध्ये नोंद केली की गोळी घेणाऱ्या 212 बायकांपैकी 29 टक्के जणींना असे डाग आले. हार्मोन्सचा संबंध तिथे स्पष्ट झाला. उन्हाचा होताच. आज आपल्याला हेही माहीत आहे की फक्त अतिनील किरण नाही, साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता त्या ट्यूबमधले तीन घटक. प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे.

हायड्रोक्विनोन हे फोटो धुण्याच्या डेव्हलपरमध्ये वापरलं जाणारं रसायन. त्वचेशी त्याचा संबंध कळला तो कारखान्यातून. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या एका टॅनरीत, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यात, कामगारांच्या हातांवर पांढरे डाग यायला लागले. ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन यांनी 1939 मध्ये ते प्रकरण छापलं. गुन्हेगार निघाले रबरी हातमोजे. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचं एक भावंड, मोनोबेंझिल इथर, घातलं होतं. थोडक्यात, रंग उडवणाऱ्या औषधांच्या या घराण्याची ओळख जगाला कामगारांना झालेल्या इजेतून झाली. कोन-भिवंडीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून फार आश्चर्य वाटत नाही. हायड्रोक्विनोन टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे मेलॅनिन कमी तयार होतं. 1960 च्या दशकात ते रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये रुळलं.

दुसरा घटक ट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए चं ॲसिड. याचं श्रेय बरंचसं फिलाडेल्फियाच्या आल्बर्ट क्लिगमन यांचं. 1969 मध्ये त्यांनी ते मुरुमांवर वापरून दाखवलं. क्लिगमन हे नाव ऐकलं की अजून एक गोष्ट कळायला हवी. 1951 पासून 1974 पर्यंत त्यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्वचेचे असंख्य प्रयोग केले. त्यात मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय कैदी होते. आज कुठलीही एथिक्स कमिटी त्या कागदांवर सही करणार नाही. पीएचडी कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च एथिक्स’चा पेपर आपण पाठ करून देतो ना, त्यामागे अशी ठिकाणं आहेत.

तिसरा घटक स्टेरॉइड, आणि खरी गोष्ट याचीच आहे. 1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी ‘कंपाउंड एफ’ म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून एक्झिमा बरा होतो हे दाखवलं. त्वचारोगशास्त्राचे आधीचे आणि नंतरचे असे दोन भाग त्या वर्षाने पाडले असं म्हटलं तरी चालेल. मग कंपन्या जास्त जास्त जोरकस स्टेरॉइड बनवायला लागल्या. पण कोणतं किती जोरकस हे मोजायचं कसं? 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी साधी युक्ती काढली. स्टेरॉइड लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तेवढी जागा फिकी पडते. फिकेपणा जितका जास्त तितकं स्टेरॉइड जोरकस. ही चाचणी आजही वापरात आहे.

इथे मी वाचता वाचता थांबले होते. काकीचा पंधरा दिवसांत आलेला उजाळा! पहिल्या काही दिवसांत जो ‘गोरेपणा’ दिसतो त्यात या आकसलेल्या रक्तवाहिन्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे प्रयोगशाळेत जी गोष्ट औषधाचा जोर मोजायला वापरतात, तिलाच आम्ही घरात गुण आला असं समजत होतो.

आता तारखा नीट बघा. 1969: इंग्लंडमधल्या शेफील्डचे डॉक्टर स्नेडन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहितात की फ्लोरिनयुक्त स्टेरॉइड चेहऱ्यावर लावल्याने रोझेशिया बिघडतो. ऑक्टोबर 1974: आर्काइव्ह्ज ऑफ डर्मेटॉलॉजीमध्ये ‘स्टेरॉइड रोझेशिया’ या नावाचा पेपर येतो. चेहऱ्यावर बराच काळ स्टेरॉइड लावलं की लाली, पुटकुळ्या, त्वचेखाली दिसणाऱ्या बारीक शिरा. लेखक तीन: लेडन, थ्यू आणि क्लिगमन. जानेवारी 1975: त्याच जर्नलमध्ये क्लिगमन आणि विलिस यांचा फॉर्म्युला. हायड्रोक्विनोन 5 टक्के, ट्रेटिनॉइन 0.1 टक्के, डेक्सामेथासोन 0.1 टक्के.

त्याच जर्नलमध्ये, तीन महिन्यांच्या अंतराने, तोच माणूस. म्हणजे चेहऱ्यावर स्टेरॉइडचं काय होतं हे ज्याने लिहिलं, त्यानेच स्टेरॉइड असलेलं मिश्रण सुचवलं. यात लबाडी शोधायची गरज नाही. त्या पेपरमध्ये रोज लावून पाच ते सात आठवड्यांत निरोगी गडद त्वचेचा रंग पूर्ण उतरतो असं आहे. तीनपैकी एक जरी घटक काढला तरी परिणाम बराच कमी होतो हेही दाखवलं आहे. वांगावर त्याचा उपयोग झाल्याचंही आहे. युक्तिवाद नीट आहे: ट्रेटिनॉइन बाकीच्यांना आत शिरायला मदत करतं, पण त्वचा चुरचुरते, स्टेरॉइड ती चुरचुर शमवतं, आणि स्टेरॉइडने त्वचा पातळ होते त्याला ट्रेटिनॉइन थोडं आवरतं. तिघं एकमेकांना सांभाळून घेतात. पाच ते सात आठवडे.

मी एम.एस्सी.ला असताना हा आकडा वाचला होता. वाचला म्हणजे डोळ्यांखालून गेला. ‘पाच ते सात आठवड्यांत गुण येतो’ एवढंच डोक्यात राहिलं. ‘पाच ते सात आठवड्यांपुरतंच पाहिलेलं आहे’ असंही ते वाक्य वाचता येतं, हे सुचलं नाही. पुढे 1979 मध्ये क्लिगमन आणि फ्रॉश यांनी ‘स्टेरॉइड ॲडिक्शन’ नावाचाच पेपर लिहिला: क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस परत लावतो, आणि हे चक्र चालूच राहतं. तोही मी वाचला नव्हता. 2002 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा तिहेरी क्रीमला मान्यता दिली तेव्हा त्यात कमी जोराचं फ्लुओसिनोलोन होतं, 0.01 टक्के, आणि मुदत साधारण आठ आठवडे. आपल्याकडे चलती झाली ती त्याहून जोरकस मोमेटासोनची. या बदलाबद्दल 2010 मध्ये इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत एक पेपर आला, त्याच्या शीर्षकातच ‘हे खरंच सुरक्षित आहे का’ असा प्रश्न होता.

आणि 1975 हे वर्ष अजून संपलेलं नाही. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या फिंडले आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत लिहिलं की हायड्रोक्विनोनची रंग उडवणारी क्रीम वर्षानुवर्षं लावणाऱ्या बायकांच्या गालांवर उलट निळसर-काळे, खरखरीत डाग येतायत. ओक्रोनॉसिस. तो सहजासहजी जात नाही. त्या देशाने 1990 मध्ये सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोन बंद केलं. म्हणजे एकाच वर्षात एका खंडावर हायड्रोक्विनोनचा नवा फॉर्म्युला छापून येतो आणि दुसऱ्या खंडावर त्याच रसायनाने काळे पडलेले चेहरे. सर्च बॉक्समध्ये ‘मेलाझ्मा ट्रीटमेंट’ टाकलं तर पहिला सापडतो. दुसरा सापडायला ‘ओक्रोनॉसिस’ हा शब्द आधी माहीत असावा लागतो. कीवर्डचं हे दुखणं आहे. फायदा एका शब्दाखाली नोंदलेला असतो आणि तोटा भलत्याच.

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचा अफगाण स्नो 1919 पासून होता. तो स्नो, म्हणजे पावडर बसावी म्हणून लावायचं साधं क्रीम. 1975 मध्ये (हो, परत तेच साल!) हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणलं. त्यात स्टेरॉइड नव्हतं, मुख्य घटक नायसिनामाइड होता. पण ट्यूबमधून गोरेपणा मिळतो, तो आठवड्यांत मोजता येतो आणि त्यावर नोकरी-लग्न ठरतं, ही कल्पना त्या जाहिरातींनी घराघरात बसवली. मग औषधाची ट्यूब त्याच फळीवर येऊन बसायला वेळ लागला नाही. दोन्ही तेवढ्याच आकाराच्या, आणि औषधाची लवकर ‘दिसायची’.

कायद्याने अडवायला हवं होतं ना? इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि तोही एका वाक्यावर. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत शेड्यूल एच आहे: त्यातली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण त्या यादीखालच्या टिपेत बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. गोळीतलं बीटामेथासोन चिठ्ठीवर, मलमातलं बीटामेथासोन असंच. ती टीप लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खरजेचं मलम असेल, गोरं व्हायचं क्रीम नसेल.

2011 मध्ये इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजीमध्ये सारस्वत, लाहिरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. देशातली 12 केंद्रं, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2,926 रुग्ण. त्यातले 433, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या 257 जणांना, 59.3 टक्क्यांना, ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. शेजारीण, पार्लरवाली, मेडिकलवाला. आणि आमच्या घरी, सुचवलं नाही तरी शिक्कामोर्तब करणारी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. अशा चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नाव दिलं. नाव दिल्याने फरक पडतो बरं का. त्याआधी हे रुग्ण कुठे मुरुम, कुठे ॲलर्जी, कुठे रोझेशिया अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेले होते. एका नावाखाली आले तेव्हा मोजता आले.

त्यांची संघटना, आयएडीव्हीएल, पाठपुरावा करत राहिली आणि मार्च 2018 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून बाहेरून लावायची 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये घातली. 1975 च्या पेपरनंतर 43 वर्षांनी. कागदावर प्रश्न सुटला. दुकानात किती सुटला हे तुम्ही तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये स्वतः बघू शकता.

आणि एक दार बंद झालं की दुसरं उघडतंच. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघी, आई आणि दोन मुली, किडनीच्या विकाराने आजारी पडल्या. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मूळ शोधलं तेव्हा रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला हे वर्तमानपत्रांत आलं. पाराही टायरोसिनेजलाच अडवतो, म्हणून रंग उतरतो. आपल्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार डोळ्यांजवळची सोडून बाकी प्रसाधनांत चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाखात एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. तिघी एकाच घरातल्या होत्या म्हणून डॉक्टरांना घरातली समान वस्तू शोधावीशी वाटली असणार. एकटी असती तर ‘किडनीचा विकार, कारण अज्ञात’ अशी नोंद होऊन फाईल बंद होणं किती सोपं होतं, याचा विचार करा.

काकीकडे येते. चौथ्या वर्षी तिचा चेहरा चुलीपुढे बसल्यासारखा कायम लाल दिसायला लागला. गालांवर बारीक शिरा, हनुवटीवर पुटकुळ्या, वरच्या ओठावर लव वाढलेली. उन्हात गेलं की आग. ट्यूब एक दिवस चुकली की दुसऱ्या दिवशी चेहरा सुजायचा, म्हणून ती चुकवायचीच नाही. मी तिला कल्याणला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “किती दिवस?” घटक नाही विचारले, मुदत विचारली. मी ज्या आकड्यावरून डोळे फिरवले होते तोच.

स्टेरॉइड एकदम तोडलं नाही, डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवलं, सोबत दुसरं मलम दिलं. (तुमच्या घरी कुणी अशी ट्यूब लावत असेल तर हा लेख वाचून उद्यापासून बंद करायला लावू नका, त्यांना आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.) पहिले दोन महिने भयंकर गेले. चेहरा इतका भडकला की तिने गोडाऊनला जायचं बंद केलं, रोजंदारी बुडाली. काकाने एकदा माझ्यासमोरच म्हटलं, “हिचं ऐकून लावलं ना?” काकी काही बोलली नाही. तिने माझी बाजू घेतली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

आठ-नऊ महिन्यांनी लाली ओसरली. काही शिरा राहिल्या. आणि वांग परत आले, पहिल्यापेक्षा थोडे गडदच. आता ती लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लावते, कारण साध्या पांढऱ्या सनस्क्रीनमधून दिसणारा प्रकाश बराचसा आरपार जातो आणि वांगाला तेवढा पुरतो. तोंडाला ओढणी बांधते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडबद्दल डॉक्टर बोलले आहेत. त्याचीही कथा छान आहे. 1979 मध्ये जपानमधल्या एका डॉक्टरने ते पित्ताच्या गांधींवर दिलं आणि रुग्णाचा वांग फिका झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. पण यावेळी मी काकीला काहीच सांगितलेलं नाही. आधी किती जणांवर, किती आठवडे, आणि थांबवल्यावर पुढे काय झालं, हे तीन रकाने वहीत आखलेत. ते भरायचं काम चालू आहे.

परवा काकीच्या मुलीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कॉलेजातल्या मैत्रिणीची क्रीम, मागची बाजू, अक्षरं मुंगीएवढी. खाली लिहिलं होतं, “ताई, हे चालेल का?” मी झूम करून वाचलं. चौदापैकी एक नाव होतं: बेक्लोमेथासोन. मी टाईप न करता तिला सरळ फोन लावला.